बस ड्रायव्हरची थिअरी: पाठ काय करायचं आणि सोडून काय द्यायचं

पोरी,

तुझा मेसेज वाचला. बसचं प्रोव्हिजनल डी लायसन्स, म्हणजे शिकाऊ परवाना, हातात आलं, मेडिकलचा फॉर्म डॉक्टरनी भरून दिला, म्हणजे कागदांची कटकट बऱ्यापैकी संपली. आता इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या बस ड्रायव्हरच्या थिअरीचं विचारलंयस. फोनवर सांगायला बसलो तर तुझी शिफ्ट संपते तेव्हा माझी सुरू होते, म्हणून लिहूनच काढतो, लांबलं तर लांबलं.

तुला वाटतंय तशी ही एक परीक्षा नाहीये. पहिली १०० प्रश्नांची, वेळ १ तास ५५ मिनिटं, पास व्हायला ८५ बरोबर पाहिजेत. दुसरी हॅझर्ड परसेप्शन, म्हणजे व्हिडिओत धोका ओळखायची, १९ व्हिडिओ क्लिप, १०० पैकी ६७ मार्क. या दोन मिळून थिअरी. तिसरी केस स्टडीची, ती ड्रायव्हर सीपीसीत, म्हणजे पगारी ड्रायव्हरला लागणाऱ्या पात्रतेच्या सर्टिफिकेटात मोडते, ७ प्रसंग, ५० प्रश्न, ४० बरोबर लागतात. वेगवेगळ्या दिवशी बुक करता येतात आणि माझं मत विचारशील तर वेगळ्याच कर, एका दिवसात सगळं उरकायच्या नादात शेवटी डोकं चालत नाही. नापास झालीस तर परत द्यायला मध्ये तीन वर्किंग डे जावे लागतात, आणि पास झालीस की पुढे दोन वर्षांत गाडीची टेस्ट काढायची, नाहीतर थिअरी परत. बुकिंग सरकारी साइटवरच कर, गूगलवर वर वर येणाऱ्या साइट मधल्या मधे जादा पैसे काढतात.

भाषेचं आधीच सांगून ठेवतो. २०१४ पासून इथे परदेशी भाषेतला व्हॉइसओव्हर आणि दुभाषी बंद झालेत, त्यामुळे इंग्रजीतच वाचायचंय. तुझं इंग्रजी चांगलंय, पण परीक्षेचं इंग्रजी जरा तिरपं असतं, ‘सगळ्यात आधी काय कराल’ आणि ‘काय करू नये’ हे घाईत उलटं वाचलं जातं. हायवे कोड, म्हणजे रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, इंग्रजीतून वाच आणि नवऱ्याला मराठीतून समजावून सांग. त्याला कळलं तर तुला नक्की कळलंय.

आता मुद्द्याचं. आपल्याकडून आलेल्या माणसाचे मार्क आकडे न आल्यामुळे तेवढे जात नाहीत जेवढे अंगात मुरलेल्या सवयीमुळे जातात. तू तर एसटी ड्रायव्हरची मुलगी, लहानपणापासून केबिनमध्ये बसलेली, तुला रस्ता कळतो. पण तो रस्ता तिकडचा. डिपरचंच घे. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की ‘मी येतोय, थांब’, इथे लोक सर्रास ‘या तुम्ही आधी’ म्हणून मारतात, आणि हायवे कोड या दोघांनाही चूक म्हणतो, त्याच्या मते डिपरचा अर्थ एवढाच की मी इथे आहे. त्यामुळे ‘समोरच्याने लाइट मारला, तुम्ही काय कराल’ असा प्रश्न आला तर ‘लगेच निघेन’ वाल्या पर्यायाला हात लावू नकोस, स्वतः बघून खात्री करायची मगच निघायचं. हॉर्नचं तसंच, वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात बंद, उभ्या गाडीतून वाजवायचा नाही (कुणाच्या गाडीने धोका झाला तरच अपवाद), राग दाखवायला तर अजिबात नाही. लाल आणि पिवळा दिवा एकदम लागले तरी अर्थ थांबाच, आपण तिथे गिअर टाकून पुढे सरकायला लागतो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं शहाणपण कुणी शिकवलं असेल तर तेही सोड.

२०२२ च्या जानेवारीअखेर हायवे कोड बदलला आणि त्यात रस्त्यावरच्या लोकांची उतरंड आली, ज्याच्या गाडीने जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी. म्हणजे तुझ्यावर जवळजवळ सगळ्यात जास्त. वळताना त्या रस्त्यात पाऊल टाकायला उभा असलेला माणूस आधी जाणार, बस नंतर. सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर, वेग जास्त असेल तर अजून जास्त. हा भाग नीट वाच, जुन्या वह्या आणि जुनी ॲप वापरणाऱ्यांचे इथे मार्क जातात.

सगळंच विसरायचं नाही हं. तुझे बाबा पसरणी घाटातून गाडी कशी उतरवायचे आठव. वरूनच खालचा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, नाहीतर ड्रम तापतात आणि खाली वळणावर ब्रेक लागत नाही. ब्रेक फेडचे सगळे प्रश्न यावरच आहेत. इथे फक्त त्यात रिटार्डर येतो, म्हणजे नेहमीचा ब्रेक न वापरता वेग कमी करणारी यंत्रणा, उतार सुरू व्हायच्या आधीच लावायचा, आणि रस्ता ओला किंवा बर्फाचा असेल तर जपून, कारण तो चालवणाऱ्या चाकांवरच काम करतो आणि गाडी घसरू शकते. एअर ब्रेकचं प्रेशर कमी झाल्याचा बझर वाजला तर सुरक्षित जागा बघून थांबायचं, डेपोपर्यंत रेटायचं नाही.

पाठांतराचे आकडे खरं तर थोडेच. बसच्या टायरची नक्षी १ मिलिमीटर, रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर, सलग पूर्ण गोलाईत. कारचा आकडा १.६ आहे आणि तो पर्यायात मुद्दाम ठेवलेला असतो, तू आत्ताच कारची थिअरी देऊन आल्यामुळे बोट तिकडेच जाणार. वेगाचंही असंच. १२ मीटरपर्यंतच्या बसला साध्या सिंगल कॅरेजवेवर (मध्ये दुभाजक नसलेला रस्ता) ताशी ५० मैल, ड्युअलवर (दुभाजक असलेला) ६०, मोटरवेवर ७०, आणि १२ मीटरच्या वर लांबी गेली की मोटरवेवरही ६०. लिमिटर, म्हणजे ठरावीक वेगाच्या वर जाऊ न देणारं यंत्र, बसवलेली बस तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जात नाही. पावसात पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट, बर्फात दहापट.

उंचीवर मात्र थांबून वाच. गाडी ३ मीटरपेक्षा उंच असेल तर तिची उंची केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी लिहिलेली असावी लागते. डबल डेकर साधारण साडेचौदा फूट, आणि ज्या पुलावर आकडा नाही तो किमान १६ फूट ६ इंच धरायचा. मीटर आणि फूट-इंच दोन्हीत वाचायची सवय लाव, आपल्या डोक्यात मीटर असतात. डबल डेकर पुलाला धडकते ती रोजच्या रूटवर फारशी नाही, रस्ता बंद म्हणून डायव्हर्जन घेतलं की धडकते, नाहीतर आठवडाभर सिंगल डेकर चालवलेला माणूस रिकामी डबल डेकर डेपोला नेताना नेहमीच्या शॉर्टकटने जातो तेव्हा. रेल्वेच्या पुलाला गाडी लागलीच तर पुलावरच्या पाटीवर रेल्वेचा नंबर असतो, तो आधी लावायचा, पोलीस त्यानंतर. कारण वरून ट्रेन येत असते. हा क्रम विचारतात.

आता ड्रायव्हिंगचे तास, जिथे भलेभले गोंधळतात. नियमांचे दोन संच आहेत. लोकल बस, म्हणजे ठरलेला रूट आणि ५० किलोमीटरच्या आत, तिला ब्रिटनचे घरगुती नियम: दिवसाला १० तास ड्रायव्हिंग, साडेपाच तासांनंतर निदान ३० मिनिटं ब्रेक, कामाचा दिवस १६ तासांच्या वर नाही, दोन ड्युटींच्या मध्ये १० तास विश्रांती, जी आठवड्यात तीनदा साडेआठवर आणता येते. लांबच्या कोचला, टूरवाल्या गाड्यांना युरोपातून आलेले नियम: साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं (आधी १५ आणि मग ३० असे तुकडे चालतात), दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदा १०, आठवड्याचे ५६, पण लागोपाठच्या दोन आठवड्यांचे मिळून ९०. हे शेवटचं बघ, ५६ आणि ५६ होत नाही. प्रश्नात आधी शोधायचं की गाडी कुठली आणि रूट कसला, मग आकड्याकडे जायचं. मी तर म्हणतो दोन वेगळ्या रंगाच्या कागदांवर लिहून फ्रिजला लाव. आणि तू शनिवारी वेअरहाउसला जातेस ना, लांबच्या कोचच्या नियमांत ते तासही काम म्हणूनच मोजले जातात, दुसऱ्या मालकाकडचे आहेत म्हणून सुटत नाहीत. यावरही प्रश्न येतो, आणि नोकरी लागल्यावर हे लपवलंस तर अडचणीत तूच येशील, मालक नाही.

हॅझर्ड परसेप्शनमध्ये लोक उगाच घाबरतात. एका क्लिपमध्ये एक घडणारा धोका, फक्त एकीत दोन, प्रत्येकाचे ५ मार्क. लवकर दिसला तर ५, मग उतरत जातात. बाजूला उभी गाडी हा धोका नाही, तिचं दार उघडायला लागलं की झाला. तिथे क्लिक. भीतीपोटी एकसारखं क्लिक करत बसलीस तर त्या क्लिपला शून्य. मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे एखादी गेली तर गेली, पुढची बघायची.

आणि पॅसेंजर. कारच्या थिअरीत आणि या थिअरीत मोठा फरक हाच आहे, इथे तुझ्या पाठीमागे माणसं आहेत आणि त्यातली काही उभी आहेत. समज आजी पास दाखवून आत गेल्या, एका हातात पिशवी, अजून दांडा धरलेला नाही, आणि मागून ट्रॅफिकमध्ये छान फट पडलीय. आपल्याकडे कंडक्टर डबल बेल देईपर्यंत ड्रायव्हर थांबतो, इथे कंडक्टरही तूच. आतल्या आरशात बघायचं, आजी बसल्या की निघायचं, फट परत मिळते. या धाटणीचे प्रश्न खूप असतात आणि त्यात टाइमटेबल सांभाळणारं उत्तर जवळपास नेहमी चूक असतं. स्टॉपवरून बाहेर काढताना मागचा भाग फुटपाथवर झुलतो तेही याच गटात धर. शाळेची बस पोरं चढ-उतार करताना हॅझर्ड लाइट लावू शकते. अंध प्रवाशाच्या गाइड डॉगला नाही म्हणायचं नाही.

व्हीलचेअरच्या जागेत बाबागाडी उभी आहे आणि स्टॉपवर व्हीलचेअरवाला प्रवासी आहे, हे तर रोजचं. २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हरने नुसती एकदा विनंती करून हात झटकायचे नाहीत, समोरचा विनाकारण अडून बसला असेल तर जरा ठाम शब्दात सांगायचं, गरज पडली तर थोडा वेळ बस थांबवून ठेवायची. पण ओढून खाली उतरवायचं नाही आणि भांडणही नाही. केस स्टडीत याच प्रकारचे प्रसंग येतात, दारू प्यालेला माणूस, इंजिनातून धूर, चुकलेलं पोर. आधी गोष्ट पूर्ण वाच, कारण उत्तर त्या गोष्टीतच असतं. तू ड्रायव्हर म्हणून काय करशील त्यापेक्षा कंपनीचा नियम तिथे काय दिलाय ते बघ. धूर असेल तर आधी माणसं बाहेर, मग फोन, आग विझवायची हौस शेवटी.

सकाळी गाडी काढायच्या आधी फेरी मारून तपासणी करायची ती तर करायचीच. दोष सापडला तर लिहून द्यायचा, आणि मेकॅनिकने ‘चालेल गं आजच्या दिवस’ म्हटलं तरी रस्त्यावर जबाबदार ड्रायव्हर. गाडी चालवताना मोबाइल हातात धरलास तर लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दंड कारवाल्याला १,००० पौंडांपर्यंत, बसवाल्याला २,५०० पर्यंत.

परीक्षेला जाताना ओरिजिनल फोटोकार्ड लायसन्स घे, फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही, परत पाठवतात आणि फी जाते. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे नवऱ्याला आधीच सांगून ठेव. जो प्रश्न अडेल तो फ्लॅग करून पुढे जा, वेळ भरपूर आहे. तारीख मिळाली की कळव, त्या आधीच्या रविवारी मला सुट्टी आहे, ये घरी, तासांचे प्रश्न दोघं बसून काढू. रिव्हर्सिंगचे व्हिडिओ आत्तापासून बघत बसू नकोस, ते थिअरी झाल्यावर यार्डात दाखवतो.

काका