अ‍ॅम्लोडिपिनमुळे आईच्या पायांना सूज येते, गोळी बंद करू का?

आईंची अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी 5 वरून 10 मिलिग्रॅमची झाल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात, असं तुम्ही लिहिलंय. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काही दिवसांत बीपी पुन्हा चढेल आणि आईंना ते कळणारही नाही, कारण बीपी वाढलं तरी बहुतेकदा काही दुखत-खुपत नाही.

अ‍ॅम्लोडिपिनने बारीक धमन्या सैलावतात, शिरा मात्र तेवढ्या सैलावत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि दिवसभर उभं राहून घोट्यापाशी साठतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. मेडिकलमधून ती परस्पर आणून देऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. डोस वाढला की सूजही वाढते. त्यामुळे डॉक्टर बऱ्याचदा पुन्हा 5 वर आणून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी देतात (तिने शिराही सैलावतात, सूज कमी होते), नाहीतर गोळीच बदलतात. टेल्मिसार्टन सुरू झाली तर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं का, हे तेव्हाच विचारून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराचं सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहून न्या. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा आडवं झाल्यावर धाप लागत असेल, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी दाखवा, कारण तिथे दोष बहुधा या गोळीचा नसतो.