सगळं ऑनलाइन मिळतं, मग अर्थशास्त्राच्या संशोधकानं ग्रंथालयात कशाला जायचं?

तुम्ही विचारलंय की पीएचडीला नुकताच प्रवेश मिळालाय, विषय ग्रामीण कर्जपुरवठ्याचा आहे, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून साहित्य कसं शोधायचं, आणि सगळं नेटवर असताना तिथे जायची खरंच गरज आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आहे. हेच वाक्य मी गेली दहा वर्षं वेगवेगळ्या लोकांना सांगत आलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

२०१५ साली माझं पहिलं प्रगती सादरीकरण होतं. विषय मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा. मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, "आकडे नेटवरून घ्या, ग्रंथालयात वेळ घालवू नका." मी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांमधून दोन आकडे उचलले. २००३ मध्ये देशातली ४८.६ टक्के शेतकरी कुटुंबं कर्जात होती, २०१३ मध्ये ५१.९ टक्के. त्यांचा आलेख काढला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, दहा वर्षांत कर्जबाजारीपणा वाढला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला: "दोन्हीकडे शेतकरी कुटुंब म्हणजे कोण?" मी गप्प. मार्गदर्शकही गप्प. पंधरावीस जणांसमोर ती शांतता किती वेळ टिकली ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या तळघरात गेले. तिथे शासकीय प्रकाशनांचा विभाग होता. दिवसभरात चार माणसंही तिकडे फिरकत नसत. निवृत्तीला आलेले एक काका तो सांभाळायचे. मी चिठ्ठीवर विषय लिहून दिला. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "आकडा हवाय की अहवाल?" मी म्हटलं, आकडा. ते म्हणाले, "मग अहवालच घ्या."

त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे केंद्र सरकार ठरावीक काळानं देशभरातल्या निवडक कुटुंबांची जी पाहणी करतं तिच्या, ५९व्या (२००३ च्या) फेरीचा ४९८ क्रमांकाचा अहवाल काढला. ७०व्या (२०१३ च्या) फेरीचे प्रमुख निष्कर्ष त्यांनी स्वतः छापून, शिवून ठेवले होते, तेही दिले. वर बजावलं, "संकल्पना आणि व्याख्यांचं प्रकरण वाचल्याशिवाय तक्त्याला हात लावायचा नाही." तासाभरात उत्तर सापडलं. २००३ च्या पाहणीत शेतकरी कुटुंब म्हणवून घ्यायला ताब्यात थोडीतरी जमीन असणं आवश्यक होतं. २०१३ मध्ये ती अट काढली आणि तिच्या जागी वर्षभरात ३,००० रुपयांपेक्षा जास्त शेतमाल पिकवण्याची अट आली. म्हणजे भूमिहीन पण शेळ्या-कोंबड्या पाळणारं कुटुंब आत आलं आणि नावापुरता जमिनीचा तुकडा असलेलं बाहेर गेलं. माझा आलेख दोन वेगळ्या समूहांचा होता. २०१९ च्या ७७व्या फेरीत ही मर्यादा ४,००० रुपये झाली आणि कर्जबाजारी कुटुंबांचं प्रमाण ५०.२ टक्के आलं. हे तिन्ही आकडे एका ओळीत मांडून "आधी वाढला, मग घटला" असं लिहिणारे शोधनिबंध मी आजही तपासते. लिहिणाऱ्यानं व्याख्येचं पान उघडलेलं नाही हे लगेच कळतं.

दुसरी अडचण जुन्या काळाची होती. बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, हे माझे जिल्हे. ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत मी 'महाराष्ट्र' आणि 'कर्ज' टाकून तीन दिवस शोधत होते. १९६० च्या आधीचं एक पान निघेना. काकांनी विचारलं, "तेव्हा बीड महाराष्ट्रात होतं का?" सरकारी प्रकाशनांची नोंद लेखकाच्या जागी त्या सरकारच्या नावाखाली होते. १९५६ पर्यंतचा मराठवाडा शोधायचा तर 'हैदराबाद' टाकावं लागतं. विदर्भासाठी 'मध्य प्रांत व वऱ्हाड', नंतर 'मध्य प्रदेश'. पश्चिम महाराष्ट्रासाठी 'मुंबई', तेही इलाखा आणि राज्य असं वेगवेगळं. अर्थात हे सगळं इंग्रजी स्पेलिंगनं. 'हैदराबाद' टाकल्यावर अर्थतज्ज्ञ केशव अय्यंगार यांची संस्थानातल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेची १९४९ ते ५१ ची पाहणी समोर आली. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यातून उभं राहिलं. गूगलवर ती मला कधीच सापडली नसती, कारण काय शोधायचं हेच मला माहीत नव्हतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमचा विषय एका कपाटात मिळणार नाही. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्यूई वर्गीकरणात शेतीकर्ज ३३२.७ ला, जमीन ३३३ ला, सहकार ३३४ ला आणि शेती उत्पादन ३३८.१ ला असतं. चारही ठिकाणी उभं राहून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचा. शोधनिबंधांसाठी नुसते शब्द टाकू नका, जेईएल संकेतांक, म्हणजे अर्थशास्त्रातल्या निबंधांना दिलेले विषयवार क्रमांक, वापरा. शेतीविषयक वित्ताचा क्यू१४ (Q14) आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात, आणि १९६६ च्या आधीचं हवं असेल तर 'इकॉनॉमिक वीकली' हे नाव लक्षात ठेवा. घरून वाचायचं असेल तर ग्रंथालयाकडून इन्फेडचं, म्हणजे ग्रंथालयानं घेतलेली नियतकालिकं बाहेरून उघडू देणाऱ्या सोयीचं, लॉगिन मागून घ्या. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. शोधगंगा या भारतीय पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले प्रबंध निष्कर्षांसाठी वाचू नका, शेवटची संदर्भसूची पाहा. आणि १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी वाचल्याशिवाय या विषयात पुढे जाऊच नका. ६०० गावांची ती पाहणी. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के, हे तिनंच दाखवलं. सारांशावर भागवू नका, मूळ खंड मागवा.

"दुय्यम आकडेवारी, म्हणजे दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे वापरणं, हे बसल्याजागी केलेलं काम, खरा संशोधक गावात जातो," असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. मलाही सांगितलं होतं. मी गावात गेले, २४० प्रश्नावल्या भरून आणल्या, पण त्यातले निम्मे प्रश्न निरुपयोगी होते, कारण हेच आधी कुणी कसं विचारलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. जुना अहवाल नीट वाचणं हेही क्षेत्रकार्यच आहे. यावर मी वाद घालत नाही, आधी प्रश्नावली दाखवा म्हणते.

मी आता एका महाविद्यालयात शिकवते. २०१९ मध्ये आमच्याकडे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं आणि जागेसाठी जुने बांधीव खंड रद्दीत काढायचा निर्णय झाला. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनं, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, पीक अहवाल, सगळं. मी विरोध केला तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, हे सगळं पीडीएफमध्ये मिळतं." मी दोन विद्यार्थिनींना घेऊन बसले आणि एकेक खंड नेटवर शोधला. तालुकावार तक्ते असलेले कितीतरी खंड आम्हाला कुठेच सापडले नाहीत. यादी करून दिली. यादी वाचण्याआधीच अर्धा माल टेम्पोत चढला होता. अभ्यासिकेला माझा विरोध नव्हता, आजही नाही. त्या मुलांना बसायला जागा हवीच. पण सत्तर वर्षांच्या तालुक्याच्या नोंदी किलोच्या भावानं विकायचा अधिकार अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला नाही, हे मी त्यांना तेव्हाही तोंडावर सांगितलं.

हे लिहिलं म्हणजे नेटवर काहीच नाही असं समजू नका. विभागप्रमुखांचं म्हणणं काही बाबतीत खरं होतं. नमुना पाहणीचे अहवाल आणि कुटुंबनिहाय मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. रिझर्व्ह बँकेची आकडेवारीही खुली आहे. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुनी दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून सर्वांसाठी ठेवलेत, तिथे आधी बघा, मगच प्रवासाचा खर्च करा. आणखी एक. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून २०२५ पासून सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं खुली झाली आहेत, पण ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. तुमचं संशोधन केंद्र खासगी महाविद्यालयात असेल तर विद्यापीठाच्या आवारात जाऊन वाचावं लागेल. तसंच, प्रत्येक ग्रंथालयात माझ्या त्या काकांसारखं माणूस असेल असं नाही. अनेक ठिकाणी ती जागाच वर्षानुवर्षं रिकामी आहे. मग कपाटांपुढे स्वतःच बसून धूळ झटकावी लागते.

टेम्पोत न गेलेले खंड आमच्या विभागातल्या दोन लोखंडी कपाटांत लावलेत. बहुतेक बीड आणि धाराशिवचे आहेत, थोडे लातूरचे. तुमचा जिल्हा यांपैकी असेल तर निरोप पाठवा आणि या. किल्ली माझ्याकडेच असते.