जुलैमध्ये भारतातून येणाऱ्या आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये तंबूत राहायचं आहे. बुकिंग कसं करावं, कोणतं कॅम्पग्राउंड घ्यावं, त्याच आठवड्यात यलोस्टोन पार्कही जोडावं का, आणि सत्तरीच्या माणसांना हे झेपेल का?

झेपेल. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की घरचे सगळे "या वयात त्यांना तंबूत कशाला, सरळ हॉटेल घे" म्हणताहेत. ते वाचलं आणि लिहायला बसले, कारण अगदी हेच वाक्य माझ्या सख्ख्या भावाने मला वर्षानुवर्षं ऐकवलंय.

आधी बुकिंग उरकते. जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर सहा महिने आधी खुल्या होतात. म्हणजे जुलैच्या मध्यावर जायचं असेल तर जानेवारीच्या मध्यावर लॉगिन करून, साइटचे (म्हणजे तंबूच्या जागांचे) दोन-तीन नंबर हेरून बसा. शनिवार-रविवार बघताबघता संपतात, सोमवार ते गुरुवार बघा. हुकलं तर रद्द होणाऱ्या जागांवर डोळा ठेवा, त्या मिळतात. भाडं रात्रीला ३५ डॉलरच्या आसपास, आणि त्या दिवसांत पार्कच्या दाराशी असलेल्या एस्टेस पार्क नावाच्या गावातली मोटेलं त्याच्या कितीतरी पट घेतात. गेली काही वर्षं उन्हाळ्यात पार्कात शिरायलाच ठरावीक वेळेचं परमिट लागतं. कॅम्पग्राउंडचं आरक्षण असलं की त्यातच ते येतं, बेअर लेक तळ्याकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्याचंही. हा फायदा हॉटेलात राहणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

पैशांचं अजून एक: २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना ११ मोठ्या पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसामागे १०० डॉलर जादा प्रवेशशुल्क आहे, आणि त्यात रॉकी माउंटन आहे. आई-बाबा भारतातून येणार, तेव्हा कोणता पास घेतला तर काय पडतं ते निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर नीट वाचा.

आणि त्याच आठवड्यात यलोस्टोन जोडायचं का, याचं उत्तर: नका जोडू. गाडीने जवळजवळ अख्खा दिवस जातो नुसता पोचायला. एका जागी तीन रात्री राहा.

आता माझं सांगते. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते. धोम धरणाच्या कालव्यांच्या सर्व्हेसाठी ऐन विशीत ते महिनोन्‌महिने राहुटीत राहिलेत. उशाशी कंदील, खाटेखाली थिओडोलाइटची (मोजणीच्या दुर्बिणीची) पेटी, पावसात राहुटीभोवती चर खणायचा. दादाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हाच दादा न्यू जर्सीहून मला फोनवर सांगत होता, "सत्तरी ओलांडलेल्या माणसांना जमिनीवर झोपवणार तू? काही झालं तर?" त्याने स्वतः बसच्या टूरचं तिकीट काढून ठेवलं होतं. रोज नवं हॉटेल, रोज पहाटे बॅगा दाराबाहेर, बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "राहुटी कॅनव्हासची आहे की नायलॉनची?"

आम्ही ग्लेशियर बेसिन कॅम्पग्राउंड घेतलं होतं. तंबू ठरवून दिलेल्या चौथऱ्यावरच लावावा लागतो, पण बाबांनी त्या चौथऱ्याचाही उतार बघितला. पाणी कुठून येईल, कुठून जाईल ते हाताने दाखवलं आणि तंबूचं दार फिरवून घेतलं. माझ्या नवऱ्याने ताणलेल्या दोऱ्या सोडून परत स्वतः बांधल्या. नवरा गप्प उभा राहून शिकला. दुसऱ्या दिवशी दुपारी गारा आल्या. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी आपल्या वळवासारखंच होतं: सकाळी लख्ख ऊन, दोनच्या सुमाराला काळोख, कडकडाट, तासाभरात परत ऊन. आम्ही सगळे गाडीत जाऊन बसलो. (विजा होत असताना तंबूत बसायचं नाही. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही, गाडी वाचवते.) शेजारच्या साइटवरचा भलामोठा तंबू आडवा झाला. आमचा हलला नाही. बाबा काच पुसत पुसत फक्त दोऱ्यांकडे बघत होते. पाऊस थांबल्यावर शेजारच्या मुलांना त्यांनी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत ती गाठ शिकवली, आणि रात्री त्या कुटुंबाने आम्हाला शेकोटीपाशी बोलावलं. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये बाबांना कुणी काय विचारलं असतं?

ग्लेशियर बेसिनपासून स्प्रेग लेक चालत जाण्यासारखं आहे. तळ्याभोवतीची वाट सपाट, मैलापेक्षा कमी, जागोजागी बाकं. वयस्करांसाठी पार्कात यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही. बाबा अर्ध्या वाटेत थांबले आणि पाणी बाहेर पडतं त्या बाजूला बोट करून म्हणाले, "हे तळं देवाने केलेलं नाही, हा बांध आहे." खरंच आहे ते. अ‍ॅबनर स्प्रेग नावाच्या माणसाने आपल्या लॉजमधल्या पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून ओढा अडवून ते केलंय. तिथे रोज शेकडो लोक फोटो काढतात, किती जणांच्या हे लक्षात येत असेल?

पण खरी गोष्ट ट्रेल रिज रोडवर घडली. हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, वर झाडं संपतात आणि नुसतं खुरटं गवत आणि वारा. पलीकडच्या उतारावर फारव्ह्यू कर्व्ह म्हणून थांबा आहे. तिथून समोरच्या डोंगराच्या कुशीत एक आडवी रेघ दिसते, कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारखी. सगळे खाली दरीत मूस (भलंमोठं हरीण) दिसतोय का ते शोधत होते. बाबा त्या रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कॉन्टूरवर आहे ती. कालवा आहे." (कॉन्टूर म्हणजे डोंगरावरून एकाच उंचीने जाणारी रेघ.) तो ग्रँड डिच. १८९० मध्ये खणायला सुरुवात झाली, १९३६ मध्ये पुरा झाला, आधीचं बरंचसं काम मजुरांच्या हातांनी. पश्चिम उताराचं पाणी, जे कोलोरॅडो नदीला मिळालं असतं, ते दहा हजार फुटांवर अडवून जलविभाजकाच्या (पाणी पूर्वेला जाणार की पश्चिमेला हे ठरवणाऱ्या डोंगरधारेच्या) अलीकडे, पूर्वेच्या शेतांकडे वळवलंय. मी त्यांना सांगितलं की याच पार्कच्या पोटातून २१ किलोमीटरचा बोगदाही आहे, अ‍ॅडम्स टनेल, ग्रँड लेकच्या बाजूचं पाणी एस्टेस पार्कला आणणारा, १९४७ पासून वाहतोय. बाबा कठड्याला टेकले आणि म्हणाले, "आपण कोयनेचं पाणी डोंगरातून पश्चिमेला पोफळीला उतरवलं. यांनी पश्चिमेचं पूर्वेला आणलं." मग माझ्या मुलीला जवळ घेऊन हवेत बोटाने नकाशा काढत अर्धा तास समजावत होते. कालव्याला उतार किती द्यायचा, जास्त दिला तर काठ का कापला जातो, कमी दिला तर गाळ का बसतो. नोकरीबद्दल बाबा घरी कधी बोलत नसत. इतकं बोलताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

रात्री दादाला फोन लावला (एस्टेस पार्कात जाऊन, कारण कॅम्पग्राउंडमध्ये रेंज नसल्यातच जमा). बाबा त्याला कालव्याबद्दल सांगत होते. तो मधेच म्हणाला, "ते राहू दे बाबा, झोप लागते का नीट?" अजूनही तो तेच विचारतो.

झोप लागायला काय लागतं ते सांगते, कारण त्यात त्याचं अगदीच चूक नाही. जमिनीवर झोपवू नका. गुडघेदुखीच्या माणसाला रात्री जमिनीवरून उठणं ही शिक्षा असते. घडीच्या खाटा मिळतात, गुडघ्याएवढ्या उंच, त्या घ्या, आणि माणूस ताठ उभा राहील एवढा तंबू घ्या. हवेची गादी खाटेवर नको, खालून गार पडते. फोमची घाला. रात्री तापमान सात-आठ अंशांवर येतं, कधी त्याहून खाली. आईला स्लीपिंग बॅगच्या चेनमध्ये गुदमरायला झालं, म्हणून चेन पूर्ण उघडून तिच्यावर गोधडी घातली, साताऱ्याहून तिनेच आणलेली. कानटोपी दोघांना. साइट निवडताना नकाशावर संडास कुठे आहे ते आधी बघा, देखावा नंतर. "वॉक-टू" लिहिलेल्या साइट घेऊ नका, सामान उचलत चालावं लागतं. अंघोळीची सोय कॅम्पग्राउंडमध्ये नाही, एस्टेस पार्कात पैसे देऊन होते. आईला हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी सांगाल तर चिडेल.

कुकर न्या. तिथे पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, तुरीची डाळ नुसत्या पातेल्यात तासभर ठेवली तरी दाताखाली येते. आईने पहिल्या संध्याकाळी कुकर लावून वरण-भात केला आणि मग तिचा त्या जागेवरचा राग गेला. कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते, म्हणून गॅसची शेगडी हवीच. आणि ज्याला वास येतो ते सगळं अस्वलांसाठीच्या लोखंडी लॉकरमध्ये. आपले लोक डबे ठेवतात आणि बाकीचं विसरतात. बाबांचं अमृतांजन, आईचं खोबरेल तेल, देवाच्या उदबत्त्या, कवळीची पेस्ट, सगळं आत. तिथे काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत, पण काळं अस्वलही गाडीचं दार उघडतं.

कॅम्पग्राउंडचं राहिलंच. मोरेन पार्क सगळ्यात लोकप्रिय, झाडीही आहे. अ‍ॅस्पनग्लेन लहान आणि शांत. ग्लेशियर बेसिनमध्ये भुंग्यांनी पोखरलेली झाडं तोडल्यामुळे सावली कमी, पण समोर अख्खी डोंगरांची रांग. टिंबर क्रीक पलीकडच्या बाजूला, तिथे त्याच भुंग्यांमुळे सावलीच नाही, आई-बाबांसाठी नको. मी परत ग्लेशियर बेसिनच घेईन.

आता उंची, ज्याकडे दुर्लक्ष करू नका. कळसूबाईचं टोक ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे विमानाने जिथे उतरायचं त्या डेन्व्हरपेक्षा जेमतेम वर. ग्लेशियर बेसिन ८,५०० फुटांवर. पुण्या-मुंबईहून विमानातून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तिथे झोपवू नका. आधी डेन्व्हरला काही दिवस राहू द्या, मग वर न्या. पाणी सतत प्यायला लावा. पहिल्या रात्री आईचं डोकं दुखलं, सकाळी उतरलं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर "बघू सकाळी" म्हणू नका, लगेच खाली उतरा. ट्रेल रिजवर सकाळी लवकर जा, दुपारच्या विजांआधी खाली या. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील, तर तिकडच्या डॉक्टरांना ही उंचीची आकडेवारी दाखवून विचारा, आणि ते नाही म्हणाले तर नाही. मग एस्टेस पार्कात खोली घ्या आणि दिवसा स्प्रेग लेकला न्या, त्यातही काही कमीपणा नाही. व्हिजिटर इन्शुरन्स काढलेला असू द्या.

पण हे डॉक्टरांना आणि त्यांना स्वतःला विचारून ठरवा, भावाबहिणींच्या ग्रुपवर मतं घेऊन नव्हे. तुमचे वडील काय काम करत होते, तरुणपणी कुठे कुठे राहिलेत, हे एकदा त्यांना विचारून बघा. माझे बाबा पुढच्या उन्हाळ्यात परत येताहेत आणि त्यांना या वेळी ग्रँड डिचच्या काठाने चालायचंय. जानेवारीत मी साइट घेणार आहे. दादा, तू हे वाचत असशील तर तुझ्यासाठीही खाट घेते, ये.