नीतिशास्त्र, नैतिकता आणि वैयक्तिक मूल्यं यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की हे तिन्ही शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात, मग वेगळे कशाला ठेवायचे? हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, फार जुना आहे. ग्रीक ‘एथिकोस’ला लॅटिनमध्ये शब्द नव्हता म्हणून रोमन विचारवंत सिसेरोने ‘मोरालिस’ घडवला. म्हणजे एथिक्स (नीतिशास्त्र) आणि मोरॅलिटी (नैतिकता) यांची मुळं एकमेकांचं भाषांतरच आहेत. शब्दकोशात फरक शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही.

अडचणीच्या वेळी मात्र तो फरक स्वच्छ दिसतो. मी हिशेबतपासणीचं काम करतो. ज्यांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं, त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या एका व्हाउचरवर तारखेतल्या इंग्रजी एकचा सात केलेला दिसला. सातची वरची रेघ तेवढी गडद शाईची होती. रक्कम किरकोळ, कुणाचं नुकसानही नाही. तो कागद हातात धरून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

खोटं चालवून घेऊ नये आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर उलटू नये, या दोन्ही गोष्टी लहानपणापासून अंगात मुरलेल्या. ही नैतिकता. ती न मागता मिळते, पण तिचेच दोन नियम समोरासमोर आले तर काय करायचं हे सांगत नाही. माझ्या लेखी सचोटी वर की ऋणाची जाणीव वर, हा माझ्या मूल्यांचा भाग. आणि ‘असंच का?’ म्हणत या सगळ्याची झडती घेणं म्हणजे नीतिशास्त्र.

जर्मन तत्त्वज्ञ कांट (१७८५) विचारतो, सगळेच असं वागले तर चालेल का? सगळ्यांनी तारखा बदलल्या तर तारखेला अर्थच उरत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम (१७८९) परिणाम मोजायला सांगतो. इथे हानी जवळपास शून्य, त्यामुळे त्याच्याकडून मला वाट मिळेना. ॲरिस्टॉटलचा रोख वेगळा: असं करत राहिलास तर तू कसा माणूस होशील? मला यानेच हलवलं. (कांट मला सगळा पटत नाही. दाराशी आलेल्या खुन्यालाही लपलेल्या मित्राबद्दल खोटं सांगू नये, असं तो १७९७ च्या निबंधात म्हणतो. मी बेधडक खोटं सांगेन.)

ही झडती घ्यावीच लागते. शतकानुशतकं कितीतरी सभ्य, देवभीरू माणसांना गुलाम बाळगण्यात काही गैर वाटलं नाही. ‘असं चालतं’ यावरून ‘असंच असावं’ हे आपोआप निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्वतःची मूल्यं ओळखायची कशी? प्रामाणिकपणा, करुणा, स्वातंत्र्य अशी यादी करू नका. ती सगळ्यांची सारखीच येते. मराठीत मूल्य म्हणजे किंमतसुद्धा. आजवर कशापायी तोटा सोसलात, कुणाची नाराजी ओढवून घेतलीत, ते आठवा.

मी आधी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना जाऊन सांगितलं, मग अहवालात नोंद केली. पुढे दीड वर्ष ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते आठवलं की आजही आत तुटतं. नोंद केली नसती तर बरं झालं असतं, असं मात्र एकदाही वाटलं नाही.