चावी कुणाच्या खिळ्याला होती?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे, माझी स्प्लेंडर घेऊन क्लासला जातो, उद्या काही झालं तर केस कुणावर? याला एक उत्तर नाही, तीन आहेत. पोराचं काय होतं, फौजदारी खटला कुणावर चालतो आणि जखमी माणसाचे पैसे कोण भरतो, या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी ठरतात. तीनपैकी दोन ठिकाणी तुझंच नाव पुकारलं जाईल.

आधी वय. मोटार वाहन कायद्याचं कलम ४ सांगतं की रस्त्यावर गाडी चालवायला १८ पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी. तुझी स्प्लेंडर ९७ सीसीची, घरोघरची अ‍ॅक्टिव्हा ११०च्या आसपास. त्यामुळे 'गिअर नाही, मग चालतं' हा समज खोटा आहे. बॅटरीवरच्या गाडीचंही तसंच. मोटर २५० वॉटच्या खाली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती कायद्याच्या लेखी मोटार वाहन ठरत नाही. दुकानदार 'लायसन लागत नाही' म्हणून विकतो आणि वर वेगाची मर्यादाही काढून देतो. तिथून पुढे ती विनानोंदणी, विनाविमा मोटरसायकल झाली.

आता कलम १९९-अ. हे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे आणि तुझ्या प्रश्नाचा गाभा त्यातच आहे. अल्पवयीनानं या कायद्याखालचा कुठलाही गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, म्हणजे गाडी दारात उभी आणि बँकेचा हप्ता चालू. पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत शिकाऊसुद्धा लायसन मिळत नाही. त्याला पुढे वायव्य सारिगेत, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी बसवर, चालक व्हायचं असेल, कारखान्याच्या ट्रकवर जायचं असेल, तर ऐन उमेदीची सात-आठ वर्षं गेली.

'पालक किंवा मालक' असं लिहिलंय म्हणून बाबांवर ढकलता येईल असं धरू नकोस. आरसी बुकावर ज्याचं नाव तो मालक; तुझ्या गाडीच्या कागदांचं पुढे सांगतो, पण तेही तुला सोडवत नाहीत. शिवाय कुठलाही गुन्हा म्हटलंय, अपघात म्हटलेलं नाही. विनालायसन चालवणं हाच गुन्हा आहे. नुसत्या नाकाबंदीत पोरगा सापडल्यावर पालकांना पंचवीस हजारांचा दंड झाल्याची प्रकरणं आपल्या कर्नाटकात घडली आहेत. त्याशिवाय कलम १८० आहे. मालकानं किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं विनालायसन माणसाला गाडी चालवू दिली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही.

१९९-अ मध्ये खरी मेख आहे ती पुराव्याची. एरवी गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम असतं. इथे न्यायालय उलट धरून चालतं, की गाडी तुझ्या संमतीनंच दिली होती. तसं नव्हतं हे तू दाखवायचं. सुटकेच्या वाटा दोनच, तुला माहीत नव्हतं किंवा तू पुरेशी काळजी घेतली होतीस. आता तुझ्या घरचा हिशोब कर. चावी सोप्यातल्या खिळ्याला. तो सहा महिने त्याच गाडीनं क्लासला जातोय, गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. पेट्रोलचे पैसे तुझ्या फोनवरून गेलेत. आणि त्याच्या स्टेटसला हँडल धरलेला फोटो आहे, त्याखाली तुझाच अंगठा! यानंतर 'न विचारता नेली' हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पोराला शिकाऊ लायसन असेल तर हे कलम पालकाला लागत नाही, असं कुणीतरी नक्की सांगेल. वाक्य अर्धं खरं आहे. ज्या गाडीचं लायसन, तीच गाडी चालवत असेल तर. अठराच्या आत मिळणारं शिकाऊ लायसन ५० सीसीचं. ते स्प्लेंडरला उपयोगाचं नाही.

पोराचं काय होतं, ते थोडक्यात. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यात एक तरी स्त्री. जामीन हा नियम, नाकारणं अपवाद. भरधाव चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, दुखापतीला १२५, माणूस गेला तर १०६(१). प्रौढाला या शेवटच्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मंडळ मात्र समुपदेशन, समाजसेवा, दंड, फार तर तीन वर्षं विशेष गृह असे आदेश देतं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोघांचा जीव गेला आणि मंडळानं तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा देश चिडला होता. अशा मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा, तर गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते. कमाल कितीही असली तरी किमान नसेल तर तो 'अतिगंभीर' गुन्हा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतल्या मर्सिडीज अपघाताच्या प्रकरणातच स्पष्ट केलं. म्हणजे पोराच्या बाजूनं कायदा मऊ आहे. तो मऊपणा मालकापर्यंत पोचत नाही.

तुला सर्वांत जड जाईल तो पैसा. लोक दंडाला घाबरतात आणि नुकसानभरपाई विसरतात.

एक हिशोब मांडून दाखवतो. आपल्या बेळगावातल्या वडगावचा, मागावर काम करणारा ३५ वर्षांचा माणूस, महिना १५,००० मिळवणारा, घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. तो गेला. चाळिशीच्या आतला आणि कायम पगारी नोकरी नसलेला म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले २१,०००. अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. त्या वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरे रकमा वेगळ्या आणि अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज आणखी वेगळं. हे गुणक सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये आणि वाढीचे टक्के २०१७ मध्ये ठरवून दिलेत, त्यामुळे घासाघीस होते ती मिळकतीच्या आकड्यावर.

'विमा आहे की!' म्हणशील. पॉलिसीत चालकाचं कलम असतं, चालवणाऱ्याकडे वैध लायसन हवं. नसेल तर अपघात भरपाईचं न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला सांगतं, आधी जखमीला किंवा वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा. त्या वसुलीला नवीन दावा लागत नाही, तिथेच दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकतात. तुझा उद्यमबागेतला पगार आणि तुझ्या नावावर चढलेली गुंठे-दोन गुंठे जमीन, दोन्ही त्या दरखास्तीत येऊ शकतात. २०११ च्या एका निकालात मालकाचं म्हणणं होतं की अल्पवयीन पुतण्यानं परवानगीशिवाय मोटरसायकल नेली. सर्वोच्च न्यायालयानं ऐकलं नाही. गाडीचा गैरवापर होऊ न देणं हीच मालकाची जबाबदारी, असं म्हणून वसुली कायम ठेवली.

धाकट्याला स्वतःला लागलं तर? मालक-चालकाच्या अपघात विम्याचे १५ लाख असतात, ते मालक स्वतः आणि लायसनसह चालवत असेल तरच. गाडीची मोडतोडही तुझ्याच खिशातून. मागे बसलेला मित्र तर साध्या थर्ड पार्टी पॉलिसीत येतच नाही.

तुझ्या गाडीत आणखी एक खोट आहे. गडहिंग्लजकडून घेतलीस, नंबर एमएच ०९, आणि कागद अजून आधीच्या मालकाच्या नावावर. आपल्या सीमाभागात अशा गाड्या दारोदार आहेत. नुकसानभरपाईपुरता मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव तो, हे २०१८ पासून पक्कं आहे. म्हणून तू सुटलास असं नाही. 'ताब्यात असलेला' म्हणून कलम १८० तुला लागतं, आणि ज्या भल्या माणसानं गाडी विकली त्याच्या दारात वसुली गेली की तो तुला शोधत येणार. कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घे, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भर, बेळगावात कर भरून केए २२ करून घे. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घेणं तसंही सक्तीचं आहे. विमाही चौदा दिवसांत नावावर करायला कळव.

सीमेचा आणखी एक पेच. गाडीनं चंदगडच्या माणसाला उडवलं, तर त्याला भरपाईचा अर्ज अपघात झाला तिथे, तो राहतो तिथे किंवा तू राहतोस तिथे, कुठेही करता येतो. मग तारखांना तू शिनोळी ओलांडून जायचं. अपघात आपल्या बाजूला झाला तर कागद कन्नडात. जागेच्या पंचनाम्याला इथे महजर म्हणतात. आपल्यातल्या पुष्कळांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सही करण्याआधी पूर्ण वाचून घे, मराठीत समजावून सांगायला लाव, विशेषतः 'गाडी कोण चालवत होतं' ती ओळ. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती सोडू नकोस.

ती ओळ फार महत्त्वाची. अपघात झाल्यावर घरात पहिली कल्पना हीच निघते, 'मोठ्यानं सांगावं मी चालवत होतो, त्याच्याकडे लायसन आहे.' चुकूनही नको. दवाखान्यातल्या मेडिको-लीगल नोंदीत जखमी माणूस पहिल्या तासातच काय ते बोललेला असतो, चौकातल्या कॅमेऱ्यात चेहरा असतो, आणि धाकट्याच्या गुडघ्याला टाके पडलेले असताना तुझ्या अंगावर ओरखडा नसतो. पोराचं प्रकरण मंडळात राहिलं असतं. खोटं बोलून गुन्हेगाराला पाठीशी घातल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २३८ मात्र तुझ्यावर, प्रौढ म्हणून. पुण्याच्या त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आईवडील आणि डॉक्टर अटकेत गेले, हे विसरू नकोस.

करायचं ते एवढंच. थांबायचं, ११२ लावायचा, जखमीला दवाखान्यात पोचवायचं, चोवीस तासांच्या आत ठाण्यात आणि विमा कंपनीला कळवायचं. पळून गेल्यानं गुन्हा वाढतो, कमी होत नाही. पोराच्या वयाचा पुरावा हाताशी ठेवायचा. कायद्यात आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाला १ जूनला जन्माला घातलंय! धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि जन्मदाखला जुळतात का, ते आजच बघ.

रायबाग-अथणीकडचे तुझे मामेभाऊ गळीत हंगामात ट्रॅक्टर चालवतात, तेही सांगून ठेव. स्वतःच्या रानात नांगर धरला तर प्रश्न नाही, पण ट्रॉली डांबरीवर आली की अठराचा नियम लागला. ट्रॉलीचा विमा वेगळा बघावा लागतो, आणि मडगार्डवर बसवलेल्या माणसाची जबाबदारी सहसा कुठलीच कंपनी घेत नाही.

आज रात्री चावी खिळ्यावरून काढ आणि दुसरी चावीही शोध, ती बहुतेक आईच्या डब्यात असते. क्लासला बसचा पास काढून दे. अठरावा वाढदिवस झाला की सारथी या सरकारी संकेतस्थळावर शिकाऊ लायसनचा अर्ज भर. तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते, आणि तोपर्यंत एल लावून, मागे लायसनवाला शिकवणारा बसवूनच चालवायची. तसं केलं तर विम्याचं संरक्षणही टिकतं.

आरसी आणि पॉलिसीचे फोटो पाठव. पॉलिसीचं पहिलं पान पुरायचं नाही, चालकाचं कलम छापलेलं मागचं पानही हवं.

तुझा,
काका