कोसळणारा घुमट, दह्याचे गोळे आणि काळी एक

प्रश्न : बाहेर जेवताना शेवटी चॉकलेटचा घुमट आला. गरम सॉस ओतताच तो उमलल्यासारखा कोसळला. घरी केला तेव्हा सॉस वरून ओघळून गेला आणि घुमट जागचा हलला नाही. कुठे चुकतंय?

बहुधा जाडीत. कवच दोन मिलिमीटरच्या आतच हवं. साचा चॉकलेटने काठोकाठ भरा, बाहेरून टिचक्या मारून हवेचे बुडबुडे काढा आणि लगेच उलटा करून जास्तीचं चॉकलेट निथळू द्या. ब्रशने दोन-तीन थर चढवले की कवच हमखास जाड होतं.

दुसरी शंका आतल्या आईस्क्रीमची. ते कवचाला टेकलं असेल, तर कवच आतून गारच राहतं. छोटा गोळा मधोमध ठेवा, भोवती बोटभर मोकळी जागा सोडा. सॉससाठी वजनाने दोन भाग क्रीमला एक भाग चॉकलेट घ्या. समसमान घेतलं तर तो दाट होऊन वरच बसून राहतो. सॉस 75 ते 80 अंश सेल्सिअस असताना माथ्यावर बारीक धारेने गोल फिरवत ओता. एकाच जागी ओतला तर नुसतं भोक पडतं.

चॉकलेट कोको बटरचं असेल तर टेम्परिंगला, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन त्यातले कोको बटरचे स्फटिक नीट बसवण्याला, पर्याय नाही. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांवर वितळवा, ढवळत 27-28 पर्यंत उतरवा आणि पुन्हा 31-32 वर आणा. यापुढे गेलात की बसलेले स्फटिक विरघळतात. मग पांढरे पट्टे येतात, चॉकलेट आकसत नाही आणि कवच साच्यातून सुटत नाही. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा गोळा होतो, म्हणून भांडं आणि चमचा पुसून कोरडे करा. कंपाउंड चॉकलेटला (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं) हा खटाटोप लागत नाही, पण ते तोंडात मेणचट लागतं. आमचं मत टेम्परिंगच्या बाजूने.

प्रश्न : चमच्यात फुटणारे दह्याचे गोळे करायला दह्यात सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनची पूड) घातलं, तर सगळं गुठळ्या-गुठळ्या झालं.

दह्यात मुळात कॅल्शियम असतं आणि अल्जिनेट त्याला भेटताच घट्ट होतं. म्हणून इथे पद्धत उलटी : 100 ग्रॅम दह्यात 2 ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट ग्लुकोनेट (खाण्यातला कॅल्शियमचा क्षार), आणि एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम अल्जिनेट. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमनेच द्रावण चिकट होईल. शुद्ध केलेलं पाणी वापरा. अल्जिनेट ब्लेंडरने घुसळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे फेस बसेल. दही गोल चमच्याने अलगद सोडा, तीन मिनिटांनी काढा, साध्या पाण्यात धुवा. द्रावणात गोळे एकमेकांना लागू देऊ नका, जुळले की सुटत नाहीत. आकार नीट येत नसेल तर दही अर्धगोल साच्यात गोठवून मग सोडा.

प्रश्न : धूर सोडणारं नायट्रोजनचं आईस्क्रीम घरी करावं का?

नको. द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंशांवर उकळतो; त्वचा, अन्ननलिका आणि पोट यांना गंभीर इजा करू शकतो. बंद खोलीत तो प्राणवायूही कमी करतो. बाहेर खाल्लंत तरी धूर पूर्ण थांबेपर्यंत चमचा लावू नका.

प्रश्न : जेवणानंतर कराओकेवर सगळ्यांच्या आवडीचं गाणं म्हणायचं आहे. गायिकेचं गाणं पुरुषाला झेपत नाही, काय करावं?

पट्टी बदला. मूळ गाणं काळी पाचमध्ये (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी 'सा' धरून) असेल आणि तुमचा आवाज काळी एकचा असेल, तर यंत्रावर तीन पायऱ्या (एक पायरी म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी) वर जा आणि एक सप्तक खाली गा. चारपेक्षा जास्त पायऱ्या सरकवल्या की वाद्यमेळ बहुधा खोटा वाटू लागतो. त्यापेक्षा दुसरं गाणं निवडा. पट्टी मुखड्यावरून ठरवू नका. अंतऱ्यातली सर्वांत वरची ओळ आधी हळू गाऊन पाहा, बहुतेकांचा आवाज तिथेच फाटतो. पोट तुडुंब असेल तर श्वास खोल जात नाही, त्यामुळे लांब ताना टाळा.

एक पुस्ती : आवाज फार मोठा ठेवू नका. मोठ्या गोंगाटात गोड आणि खारट चव कमी जाणवते, असं प्रयोगांत दिसलं आहे. वर सांगितलेला घुमट गाणी संपल्यावर आणा, किंवा गाण्यांच्या आधीच उरकून घ्या.