पोच घेतलीस का?

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री साडेअकराला आला. मी तो तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना चिडले, म्हणून रात्री उत्तर दिलं नाही. आत्ता सकाळचा चहा झालाय, शांत डोक्याने लिहितेय.

दिव्यांग विद्यार्थी कक्षाचं काम तू मागून घेतलंस. ते का करायचं, हे आपण एकमेकींना सांगत बसायची गरज नाही. तुझा प्रश्न वेगळाच आहे. एस. वाय.चा तो मुलगा, लिहिताना ज्याचा हात आखडतो, त्याला परीक्षेत रायटर, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहिणारा लेखनिक, हवाय आणि जादा वेळ हवाय. प्राचार्य 'हो' म्हणालेत. परीक्षा विभागाचे सर 'काळजी करू नका मॅडम' म्हणालेत. ऑफिसने सांगितलं, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३२ टक्केच आहेत, चाळीसच्या खाली काही मिळत नाही, पण 'आपण ॲडजस्ट करू'. आणि तू मला विचारतेस, सगळे इतके चांगले वागत असताना लेखी अर्ज दिला, तर आपला त्यांच्यावर विश्वास नाही असं दिसेल का?

दिसू दे. अर्ज दे आणि पोच घे.

२०११ सालची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू तेव्हा शाळेत असशील. माझ्याकडे टी. वाय.ला एक मुलगी होती, पूर्ण अंध, राज्यशास्त्र घेतलेली. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि माझं बोलणं एका छोट्या रेकॉर्डरवर घ्यायची. खडू मोडला की त्याचा आवाजही तिच्याकडे असायचा. तिचं परीक्षा केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलं. तिच्या वाडीतली अकरावीतली एक पोर रायटर म्हणून तयार झाली. मी केंद्रावर फोन केला. पलीकडचे सर माझ्या ओळखीचे, एका शिबिरात आम्ही एकत्र होतो. ते म्हणाले, "पाठवा हो मॅडम, बघून घेऊ." मी तिला म्हटलं, मी बोललेय, तू निर्धास्त जा.

पेपरच्या दिवशी ते सर रजेवर होते. सीनियर सुपरवायझर दुसरे कुणी होते आणि त्यांनी परवानगीचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं. रायटर पोरगी जिन्यात बसून राहिली आणि ही आत कोऱ्या उत्तरपत्रिकेवर हात ठेवून. कुणीतरी मला फोन केला, मी एसटीने तिथं पोचेपर्यंत सव्वा तास गेला होता. मग रायटरला आत सोडलं. जादा वेळ मात्र दिला नाही, कारण तोही कुठे लिहिलेला नव्हता. दोन प्रश्न झाले तिचे.

बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही बोलला होतात ना?"

तो विषय राहिला. पुढच्या वर्षी घरच्यांनी तिचं लग्न करून दिलं आणि पदवी राहिली ती राहिलीच. तिथल्या सुपरवायझरला मी बरीच वर्षं दोष दिला. आता देत नाही. त्यांच्या हातात कागद नव्हता आणि कागद देणं माझं काम होतं. माझ्या ओळखीवर माझा भरवसा होता, आणि त्या भरवशाची किंमत तिने मोजली.

म्हणून म्हणते, तोंडी 'हो'ला महिन्याभराच्या पलीकडे आयुष्य नसतं. खोटं कुणीच बोलत नाही. हो म्हणणारा माणूस रजेवर जातो, निवृत्त होतो, त्याचा चार्ज दुसऱ्याकडे जातो. तुझे प्राचार्य भले आहेत, मी त्यांना ओळखते. पण मार्चमध्ये ते सही करायला खुर्चीत असतील का, हे त्यांनाही ठाऊक नाही. पोच असेल तर नवा माणूस आला तरी त्या मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आता ते चाळीस टक्के. इथे तुझ्यावर थोडी रागावणार आहे, कारण ऑफिसने सांगितलं आणि तू मान डोलावलीस. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, तो समोर ठेवून बस. प्रवेशाच्या राखीव जागा, म्हणजे सरकारी आणि अनुदानित संस्थांमधल्या किमान पाच टक्के जागा, त्या कलम ३२ खाली येतात आणि त्यांना चाळीस टक्क्यांची अट आहे. वयाच्या अटीतली पाच वर्षांची सवलतही तिथेच आहे. पण शिकताना आणि परीक्षा देताना लागणारी वाजवी सोय ही वेगळी गोष्ट आहे. जागेसाठी चाळीस लागतात, सोयीसाठी लागत नाहीत. आपल्या कॉलेजांमधली ऑफिसं वर्षानुवर्षं या दोन्हींची गल्लत करत आली आहेत आणि त्यात कितीतरी मुलं गेली.

तुझ्या त्या विद्यार्थ्यासारखाच हात असलेला एक उमेदवार नागरी सेवा परीक्षेला बसला होता. तो ठरलेल्या प्रकारांत बसत नाही म्हणून लोकसेवा आयोगाने त्याला रायटर नाकारला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग, ११ फेब्रुवारी २०२१. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की रायटरची सोय फक्त चाळीस टक्क्यांच्या वरच्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने चाळीसच्या खालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा दिलेली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. त्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून 'या व्यक्तीला लिहिण्यात मर्यादा आहे, लेखनिक आवश्यक आहे' असं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. टक्केवारीचा दाखला वेगळा आणि हा वेगळा. त्या मुलाला याच महिन्यात सिव्हिल हॉस्पिटलला पाठव. परीक्षा तोंडावर आल्यावर तिथल्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय असतं, ते मी पाहिलंय.

म्हणजे 'ॲडजस्ट करू' म्हणून ते जे देणार होते, तो त्याचा हक्कच आहे. हक्काची गोष्ट मेहरबानी म्हणून घेतली की ती पुढच्या वर्षी परत मागावी लागते, आणि तेव्हा मेहरबान माणूस बदललेला असतो.

पोच घे म्हणते त्याला आणखी एक साधं कारण आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. ते कलम नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी आहे, पण त्यातली रीत बघ. अनुदानित कॉलेज त्या व्याख्येत येतं. त्या अधिकाऱ्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. नीट वाच, नोंद झाल्यापासून. तू केबिनच्या दारात उभं राहून बोललीस, तर कुठलीही मुदत कुठून मोजायची? पुढे जिल्हा समिती आहे, पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, अर्ज कधी दिलात, पोच आहे का.

नकार आला तर तोही लेखी माग. 'नियमात बसत नाही' असं म्हणणाऱ्याला तो नियम कागदावर उतरवायला सांग. निम्मे नकार तिथेच विरतात. मेडिकलच्या प्रवेशाच्या एका प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. केवळ दिव्यांगत्वाची टक्केवारी जास्त आहे म्हणून मुलाला अपात्र ठरवता येणार नाही, आणि अपात्र ठरवायचंच असेल तर त्याचं दिव्यांगत्व शिक्षणाच्या आड कसं येतं याची कारणं मंडळाने नोंदवली पाहिजेत.

अर्जात काय लिहायचं, हे मात्र ऑफिसच्या जुन्या फाईलमधून उचलू नकोस. त्या मुलालाच विचार. हेही मी चुकून शिकले. अंधुक दिसणारा एक विद्यार्थी होता, त्याच्यासाठी मोठ्या हौसेने मी प्रश्नपत्रिका ए-थ्री कागदावर मोठी करून घेतली होती. आपल्या वर्गातले बाक तुला माहीत आहेत, एवढीशी फळी. प्रश्नपत्रिका उघडली की उत्तरपत्रिका खाली घसरायची. तीन तास बिचारा एका हाताने कागद धरून लिहीत होता. नंतर म्हणाला, "मॅडम, मला साधाच कागद चालला असता, फक्त अक्षर ठळक हवं होतं आणि खिडकीजवळची जागा." मी विचारलंच नव्हतं.

तसंच नोट्सचं. 'नोट्स पुरवाव्यात' एवढंच लिहिलंस तर कुणीतरी श्रीलिपीत टाइप केलेली जुनी फाईल नाहीतर मोबाईलवर काढलेले वाकडे फोटो पाठवून मोकळं होईल. स्क्रीन रीडरला त्या जुन्या फॉन्टमधून मराठी ऐकूच येत नाही, नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खडखडाट ऐकू येतो. मग लिही, 'युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाईल, तासाच्या दोन दिवस आधी'. जितकं नेमकं लिहिशील, तितकी पळवाट कमी.

आता तू जे लिहिलं नाहीस, पण मला दिसलं, त्याबद्दल. तू तासिका तत्त्वावर आहेस. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा ऑर्डर. तुला वाटत असेल, मॅडम कायम होत्या, त्यांना अर्जांचे गठ्ठे लावायला काय जात होतं. खरं आहे. मला पगार होता, पेन्शन आहे. तुझ्यासारख्या टांगत्या नोकरीत मी इतकी पत्रं लिहिली असती का, याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही. म्हणून तुझ्या नावाने लिहू नकोस. अर्ज मुलाचा, सही मुलाची, हात दुखत असेल तर टाइप करून सही. तू फक्त त्याच्याबरोबर आवक-जावकच्या टेबलापर्यंत जा. दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही. तिथला क्लार्क म्हणेल, "मॅडम, पोच कशाला, आपण घरचेच." हसून उभी राहा. शिक्का पडेपर्यंत हलू नकोस.

पण यातून एक सवलत मी तुला देणार नाही. 'पुढच्या वर्षी कायम झाले की बघू' असं म्हणायचं नाही. तो मुलगा पुढच्या वर्षी टी. वाय.ला असेल आणि त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजात नसेल.

या हट्टापायी मी काय गमावलं, तेही सांगते. आमच्या परीक्षा विभागात माझी एक मैत्रीण होती. अठरा वर्षं आमच्या दोन्ही घरचा फराळ एकमेकींकडे जात होता. एका विद्यार्थ्याला जादा वेळ न दिल्याबद्दल मी तिच्या विभागाविरुद्ध लेखी तक्रार केली. तक्रार खरी होती, त्या मुलाला न्याय मिळाला आणि ती माझ्याशी बोलायची थांबली. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, मॅडमना कागदाशिवाय माणसं दिसत नाहीत. मी म्हणायचे, मला कागदामागची पोरं दिसतात. अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. पण तक्रार देण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन 'उद्या मी हे देणार आहे' एवढं सांगायला हवं होतं. तिला ते पत्र शिपायाच्या हातून मिळालं. ते मला आजही बोचतं.

तू आधी भेट. प्राचार्यांना सांग, सर, तुम्ही हो म्हणालात म्हणूनच हे कागदावर आणतेय, म्हणजे तुमचा शब्द परीक्षेच्या दिवशी वर्गापर्यंत पोचेल. हे खरं आहे, त्यामुळे तुला बोलताना अडखळायला होणार नाही. त्यांना बरंच वाटेल कदाचित. नाही वाटलं, तरी दे.

सोमवारी सकाळी अकराच्या आत ऑफिस गाठ, दुपारनंतर आवकचं टेबल रिकामं असतं. शिक्क्याचा फोटो मला पाठव. आणि त्या मुलाकडेही एक प्रत राहू दे, त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये. पुढे एम. कॉम.च्या प्रवेशाला, नोकरीच्या परीक्षेला तोच कागद त्याला दाखवता येईल, 'ही सोय मला आधी मिळालेली आहे' म्हणून.

तुझी,
मॅडम

ता. क. अर्जात रायटरची दोन नावं दे. पहिली पोर ऐन पेपरच्या दिवशी तापाने आजारी पडू शकते. पर्यायी नाव आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स त्याच अर्जाला जोड आणि 'सोबत' म्हणून खाली दोन्ही कागद नमूद कर. शिक्का मारताना क्लार्क जोडपत्रं मोजत नाही, तू मोजून घे.